आवणीची रजा

होळी होऊन गेली की कसाऱ्याच्या लोकलमधून बाहेर बघत बसावं. वासिंद मागं पडलं की डब्यातली गर्दी सैल होते, आसनगावजवळ माहुलीचे सुळके दिसायला लागतात आणि पुढं आटगाव-खर्डीकडे जाताना दोन्ही बाजूंची शेतं उघडी पडलेली असतात. भात केव्हाच कापून झालेलं, गवत वाळून पिवळं पडलेलं, एखाद्या बांधावर पळस फुललेला. त्या पिवळ्यात मधूनमधून काळे चौकोन दिसतात. बांधाला धरून, सरळ कडांचे. मुंबईहून पहिल्यांदाच या बाजूला येणारं कुणीतरी विचारतं, इथं वणवा लागला होता का? वणव्याला अशा सरळ कडा नसतात. ते राब असतात. कुणीतरी पहाटे उठून, वारा बघून, तेवढीच जमीन भाजलेली असते.

किन्हवलीकडच्या आमच्या गावात राब भाजण्याचं काम मोठ्या काकीकडे होतं. भाजणं म्हणजे शेवटचा दिवस. काम सुरू व्हायचं दिवाळीनंतर, शेण साठवण्यापासून. मग ऐनाच्या झाडाची कवळं, म्हणजे पाल्यासकट डहाळ्या, तोडून, भारे बांधून आणायची आणि वाळत घालायची. जंगलातला पातेरा खराट्यानं गोळा करायचा. ज्या तुकड्यात पुढं रोपं करायची तिथं आधी शेण पसरायचं, त्यावर कवळं, त्यावर गवत आणि पातेरा, आणि सगळ्यात वर बारीक मातीचा थर. ही वरची माती फार महत्त्वाची. ती नसेल तर पातेरा भडकन पेटतो, ज्वाळा वर जातात आणि खालची जमीन थंडच राहते. माती असली की आग दबून, सावकाश पुढं सरकते. पेटवायचंही वाऱ्याच्या उलट बाजूनं, म्हणजे वारा आगीला मागं ढकलत राहतो. काकी म्हणायची, ‘‘भडकला त्यो जळला, धुमसला त्यो भाजला.’’ भाजलेल्या जमिनीत तणाचं बी मरतं, माती भुसभुशीत होते, राखेचं खत मिळतं, आणि मृगाच्या पावसावर तिथं पेरलेलं भात दाट, हिरवंगार उगवून येतं.

काकीच्या हाताला घड्याळ कधीच नव्हतं. भिंतीवर कॅलेंडर होतं, पण ते दुधाचा हिशेब लिहायला. तरी तिचं एकही काम कधी मागं पडलं नाही. आगोटीच्या आधी घर शाकारून व्हायचं, फाटी रचून व्हायची, सुकट-बोंबील बाजारातून येऊन डब्यात बंद व्हायचे, गोवऱ्या पडवीत जायच्या. ही सगळी कामं तिच्या मागं लागलेली नसायची. तीच त्यांच्या पुढं चालत असायची. लहानपणी मला हे सगळं आपोआप होतं असं वाटे. ऊन पडतं, पाऊस पडतो, तसं घर शाकारलं जातं. फार पुढं, स्वतःचं घर चालवायला लागल्यावर, त्या आपोआपपणाच्या खाली काय काय असतं ते कळलं.

त्यातली एक गोष्ट अजूनही मनातून जात नाही. राबावर वरची माती नीट पसरली की नाही, हे बघायला कुणीही येत नसे. काका दुसऱ्या शेतावर असत. शेजारी आपापल्या राबात असत. काकीनं तो थर पातळ ठेवला असता, निम्म्या तुकड्यात घातलाच नसता, तरी त्या दिवशी कुणाला कळलं नसतं. कळलं असतं ते जुलैमध्ये, आवणीच्या, म्हणजे रोपं उपटून खाचरात लावायच्या वेळी, रोपं विरळ आणि पिवळी निघाली असती तेव्हा. फाल्गुनात केलेल्या कामाचा जाब आषाढात विचारला जाणार, आणि तोही माणूस विचारणार नाही. असं असूनही ती वाकून, टोपलीतली माती मुठीनं भुरभुरवत, त्या तुकड्याच्या चारही कोपऱ्यांपर्यंत जायची. तिची नजर मातीवर असायची, आणि अधूनमधून झाडाच्या शेंड्यांवर, वारा कुठून येतोय ते बघायला.

याच राबाला एकेकाळी सरकारनं बेशिस्त ठरवलं होतं. एकोणिसाव्या शतकात ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांतली जंगलं राखीव होत गेली आणि पिढ्यान् पिढ्या कवळं तोडणारे शेतकरी एकाएकी गुन्हेगार ठरायला लागले. कुठलं झाड तोडायचं, किती, कुठल्या हद्दीत, याचे नियम आले, आणि नियमांबरोबर फॉरेस्टचे शिपाई आले. लोकांचा असंतोष एवढा वाढला की १८८५ मध्ये मुंबई सरकारला या दोन जिल्ह्यांच्या जंगलांसाठी आयोग नेमावा लागला. १८८७ मध्ये त्याचा अहवाल आला. राब हा त्या सगळ्या भांडणाच्या केंद्रस्थानी होता. जंगल राखायला हवं हे सरकारचं म्हणणं खोटं नव्हतं. पण कुठला ऐन यंदा छाटायचा आणि कुठला पुढच्या वर्षी पालवायला ठेवायचा, याचं भान कवळं तोडणाऱ्या हातांनाही होतं. मुळापासून तोडलेला ऐन पुढच्या वर्षी कवळं देत नाही, हे शिपायानं सांगायची गरज नव्हती. कागदावरच्या नियमांना हातातलं भान दिसत नाही. त्यांना फक्त कोयता दिसतो.

शिस्त हा शब्द मी शाळेत ऐकला. घरी तो कुणी वापरत नसे. शाळेत मात्र तो फळ्याच्या वरच्या बाजूला रंगवलेल्या सुविचारात होता, प्रार्थनेच्या रांगेत होता, एक हात पुढच्याच्या खांद्यापर्यंत सरळ करून अंतर मोजण्यात होता. गुरुजींच्या टेबलावर निरगुडीची फोक असायची. ती फार वेळा वापरली जात नसे, पण ती तिथं आहे हे सगळ्यांना पक्कं ठाऊक असे. आम्ही मुलं गुरुजींच्या चपलांचा आवाज ओळखायला शिकलो. व्हरांड्यात तो आवाज आला की पाट्या वर, मान खाली. आवाज दूर गेला की वर्ग पुन्हा मोकळा. पाढे पाठ झाले, ते आजही आठवतात, त्याबद्दल कृतज्ञता आहे. पण पाटीवर काय उमटतंय यापेक्षा व्हरांड्यात कोण आहे याकडे आमचं जास्त लक्ष असायचं, हेही खरं. शिक्षण हक्काचा कायदा २०१० च्या एप्रिलपासून लागू झाला आणि शाळेत मुलाला मारणं बेकायदा ठरलं. फोक गेली, याचा मला मनापासून आनंद आहे. आता प्रश्न तिच्या जागी काय ठेवायचं हा आहे, आणि त्याचं उत्तर शाळेच्या भिंतींच्या आतच सापडेल असं मला वाटत नाही.

उन्हाळ्यात शहापूर तालुक्यातल्या एखाद्या पाड्यावरच्या विहिरीपाशी उभं राहिलं की त्या प्रश्नाचा एक वेगळा तुकडा दिसतो. या तालुक्यात आणि त्याच्या शिवेवर मुंबईचं पाणी साठतं. तानसा १८९२ पासून आहे. पुढं वैतरणेवरचा मोडकसागर आला, भातसा आलं. जाडजूड जलवाहिन्या डोंगरांमधून शहराकडे जातात, आणि एप्रिल-मे आला की त्याच डोंगरांतल्या पाड्यांवर टँकरची वाट बघितली जाते. विहिरीचा तळ दिसायला लागला की झरा वाटी-वाटीनं पाझरतो. हंड्यांची रांग लागते. माणसं घरी जातात, हंडे रांगेत राहतात. रात्री कंदील किंवा मोबाइलचा उजेड घेऊन कुणीतरी येतं, पाणी किती साठलंय बघतं आणि जिचा हंडा पुढं आहे तिला हाक मारतं. स्वतःचा पुढं सरकवत नाही. नदीच्या कोरड्या वाळूत खणलेल्या डवऱ्यावरही तसंच. वर आलेलं गढूळ पाणी आधी उपसून टाकायचं, मग नितळ यायची वाट बघायची, मग वाटीनं भरायचं. हात घाईनं आत घातला की पुन्हा गढूळ. ही रांग कुणी आखून दिलेली नाही. भांडणं होतात, कधी मोठी होतात. तरी दुसऱ्या रात्री हंडे पुन्हा रांगेतच लागलेले असतात.

या रांगेचं कौतुक करताना मन अडखळतं. धरणाच्या कुशीत राहणाऱ्या बाईला वाटीनं पाणी भरावं लागतं, यात कौतुक करण्यासारखं काही नाही. हा अन्याय आहे आणि तो तसाच म्हटला पाहिजे. टंचाईनं शिकवलेली शिस्त टंचाई संपल्यावर गेली तर मला त्याचं दुःख होणार नाही. पण त्या अन्यायाच्या आतसुद्धा त्या बायका एकमेकींशी जसं वागतात, ते त्यांचं स्वतःचं आहे. ते टंचाईनं दिलेलं नाही. टंचाई माणसाला ओरबाडायलाही शिकवू शकली असती.

मुरबाडच्या बाजूला, सिद्धगडाच्या पायथ्याशी, दर २ जानेवारीला लोक जमतात. १९४३ साली त्या दिवशी तिथल्या जंगलात भाई कोतवाल आणि हिराजी पाटील ब्रिटिश पोलिसांच्या गोळ्यांना बळी पडले. कोतवाल म्हणजे माथेरानला जन्मलेला, वकील झालेला तीस वर्षांचा माणूस; त्याच्या आझाद दस्त्यानं मुंबईकडे वीज नेणारे मनोरे पाडले, हे पुष्कळांना माहीत असतं. त्याआधी त्यानं शेतकऱ्यांसाठी धान्यकोठ्या उभ्या केल्या, ते कमी बोललं जातं. पावसाळ्यात घरातलं भात संपलं की सावकाराच्या दारी जायचं आणि सुगीला दीडपट-दुपटीनं फेडायचं, हा तेव्हाचा रिवाज. कोठीतून भात न्यायचं आणि पीक आलं की परत आणून घालायचं, ही त्याच्यावरची तोड. बंदुकीपेक्षा मला ही कोठी जास्त धाडसाची वाटते. कोठीला टाळं लावता येतं, पण ती टाळ्यावर चालत नाही. नवं भात खळ्यावर आलं की आधी घरच्या कणगीत घालावं असं कुणालाही वाटेल. लेकरं समोर असतात. तेव्हा त्यातलं काही मोजून कोठीकडे नेणारा माणूस पुढच्या आषाढातल्या, बहुधा दुसऱ्या कुणाच्या तरी, रिकाम्या चुलीकडे बघत असतो.

नव्याचा विषय निघाला की आणखी एक आठवतं. आमच्याकडे नवं भात देवाला आणि पितरांना दाखवल्याशिवाय कुणी तोंडात घालत नसे. ओंब्या पिवळ्या झाल्यात, वास सुटलाय, घरातलं जुनं संपत आलंय, तरी थांबायचं. शेजारच्या ठाकरवाडीतल्या बाया रानभाज्यांच्या बाबतीत तशाच काटेकोर. पहिल्या पावसाच्या सुमाराला शेवळं वर येतात, ती नेमकी कुठं येतात ते त्यांना ठाऊक असतं. त्या सगळी खुडत नाहीत. कंद खणून काढला की त्याचा वरचा डोळा पुन्हा मातीत पुरून, पायानं हलकेच दाबून पुढं जातात. यातल्या एकीला मी विचारलं होतं, हे तुम्हाला कुणी शिकवलं? तिला प्रश्नच कळला नाही. ती म्हणाली, ‘‘मंग फुडल्या साली काय खायचा?’’ मला वाटलं होतं ती आईचं नाव घेईल, आजीचं घेईल, एखाद्या देवाचं घेईल. तिनं सरळ पुढच्या वर्षाचं नाव घेतलं.

आणि फांगणे. मुरबाड तालुक्यातलं छोटं गाव. तिथं ८ मार्च २०१६ रोजी, महिला दिनाला, आजीबाईंची शाळा सुरू झाली. त्याच्या काही दिवस आधी शिवजयंतीला गावात वाचन चाललं होतं. आपल्यालाही वाचता आलं असतं तर, असं म्हाताऱ्या बायका बोलून गेल्या, आणि जिल्हा परिषदेच्या शाळेतले शिक्षक योगेंद्र बांगर यांनी ते बोलणं हवेत विरू दिलं नाही. मोतीराम दलाल चॅरिटेबल ट्रस्टनं हातभार लावला. साठीच्या पुढच्या, काही तर ऐंशीच्याही पुढच्या बायका गुलाबी लुगडं नेसून, खांद्याला दप्तर लावून वर्गात बसायला लागल्या. वेळ दुपारी दोन ते चार. सकाळची घरातली, शेतातली कामं आटपल्यानंतरची. आधी प्रार्थना, मग पाटी.

या शाळेची छायाचित्रं देशभर पोचली, परदेशातही पोचली. त्यातलं गुलाबी रंगाचं अप्रूप लोकांना फार वाटलं. मला अप्रूप वाटतं ते दुपारी दोनचं. या बायकांनी उभं आयुष्य कुठलीही घंटा नसताना काढलं. सूर्य, जनावरं, नक्षत्रं, घरच्यांची भूक एवढ्यांच्या वेळा त्यांनी पाळल्या, आणि त्यात एकही वेळ स्वतःसाठी नव्हती. आयुष्याच्या या टोकाला त्यांनी एक घंटा स्वतःहून मागून घेतली. गुडघे दुखतात, डोळ्याला नीट दिसत नाही, कालचं अक्षर आज पुसलं गेलेलं असतं. तरी वेळ झाली की त्या उठतात. कुणी परीक्षेला बसणार नाही, कुणाला नोकरी लागणार नाही, न आल्याबद्दल कुणी ओरडणार नाही. गणवेश, रांग, प्रार्थना, हजेरी. माझ्या शाळेत होतं ते सगळं तिथंही आहे. पण थरथरत्या हातातली पेन्सिल ‘अ’च्या गाठीवरून वळते तेव्हा त्या आजीचं सगळं लक्ष त्या गाठीवर असतं. व्हरांड्यात कोण आहे हे तिला बघायचंच नसतं.

त्या शाळेत जाऊन बँकेच्या कागदावर अंगठ्याऐवजी सही करायला शिकलेल्या आजीबद्दल वाचलं तेव्हा मला काकीची आठवण आली. काकी अंगठाच उठवायची. अंगठा उठवून झाला की शाई पदराला पुसायची, आणि तो निळा डाग धुण्याच्या वेळी दिसला की गप्प व्हायची. आपल्याला सही यावी असं तिला वाटत होतं की नाही, हे मी कधी विचारलं नाही. विचारण्यासारखं ते काही आहे, हे तेव्हा आमच्या घरात कुणाच्याच मनात आलं नव्हतं.

शहरात मी राहते तिथं शिस्तीची पुस्तकं पुष्कळ मिळतात. पहाटे किती वाजता उठावं, पाणी किती प्यावं, पावलं किती चालावीत, सवय किती दिवसांत लागते. मनगटावरचं यंत्र रात्रीची झोपसुद्धा मोजतं. माझ्या ओळखीतली कितीतरी चांगली माणसं हे सगळं निष्ठेनं करतात आणि तरी थकलेली दिसतात. त्यांच्याकडे बघताना मला वाटतं, यांच्यावर आता कुणा गुरुजींची नजर नाही, पण नजर आहेच. ती त्यांची स्वतःची आहे, स्वतःवरच रोखलेली. स्वतःवर पहारा देणारा माणूस चोवीस तास कामावर असतो. काकी सकाळपासून रात्रीपर्यंत राबायची, तिचं अंग दुखायचं, पण हा पहारा तिला ठाऊक नव्हता. ती मातीकडे, वाऱ्याकडे, रोपाकडे बघायची. आपण किती शिस्तीचे आहोत, हे बघायला तिच्याकडे वेळच नव्हता, आणि बहुतेक त्यामुळंच रात्री पाठ टेकली की तिला लगेच झोप लागायची.

हे लिहितानाच मला जाणवतं की काकीच्या कष्टांना मी उगाच उजळ रंग देऊ नये. तिला दुसरी वाट नव्हती. जिला वाट निवडताच आली नाही तिच्या वागण्याला शिस्त म्हणावं की नाइलाज, हा प्रश्न खरा आहे आणि मी तो पुष्कळ दिवस मनात घोळवते आहे. नाइलाजानं माणूस काम उरकतो. राबाच्या चौथ्या कोपऱ्यापर्यंत, जिथं कुणी बघत नाही तिथपर्यंत, तितक्याच मायेनं माती भुरभुरवत जाणं हे नाइलाजाच्या पलीकडचं आहे. काम तिच्या वाट्याला आलेलं होतं. ते करण्याची रीत तिनं निवडली होती. फांगण्याच्या आजींनी तर कामही निवडलं.

माझा भाचा नाशिक हायवेच्या कडेच्या एका गोदामात कामाला आहे. भिवंडीपासून इकडं गोदामं सरकत आली आहेत. ५ जून २०२५ ला समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा खुला झाला, तो शहापूर तालुक्यातूनच जातो. जमिनींचे भाव बदलले, काही राबांच्या जागी आता कंपाउंडच्या भिंती आहेत. भाचा सकाळी मोटारसायकलनं जातो आणि दारातल्या यंत्रावर अंगठा टेकवतो. यंत्र हिरवं झालं की तो हजर. उशीर झाला की पगारातून कापतात. फांगण्याच्या आजींनी अंगठा सोडून सही घेतली, आणि त्यांच्या नातवंडांच्या वयाची मुलं रोज अंगठा टेकवून आत जातात, हे मनात आलं की मी जरा वेळ थांबते. पण भाच्याला त्याचं काही वाटत नाही. पगार वेळेवर होतो, घराला स्लॅब पडला, बहिणीचं कॉलेज चाललंय. यंत्र कुणाला झुकतं माप देत नाही, साहेबाच्या गावच्यालाही नाही, हे तो कौतुकानं सांगतो. त्यालाही एक न्याय आहे.

अडतं ते जुलैमध्ये. पुनर्वसूचा पाऊस लागतो, खाचरं भरतात, चिखलणी होते आणि रोपं आवणीला येतात. राबातली रोपं थांबत नाहीत. वेळ गेली की ती जून होतात, लावली तरी फुटवा धरत नाहीत. सगळं गाव सावडीनं एकमेकांच्या शेतात उतरतं. आज याच्या खाचरात, उद्या त्याच्या. ज्याच्या शेतात दहा माणसं येऊन गेली त्यानं त्या दहा ठिकाणी जायलाच हवं, त्याला कुठली सबब चालत नाही. त्याच दिवसांत गोदामातली हजेरी निम्म्यावर येते. वरिष्ठ वैतागतात, गावची पोरं बेशिस्त आहेत म्हणतात. आणि गावात एखादा तरुण नोकरीमुळं आवणीला उतरला नाही तर म्हातारी माणसं म्हणतात, पोराला वळण राहिलं नाही. एकाच आठवड्यात एकाच मुलावर दोन्हीकडून एकच ठपका येतो. दोन्हीकडची माणसं आपापल्या जागी खरी आहेत. गोदामात ट्रक उभा असतो, शेतात रोप.

भाच्यानं यंदा वेगळं काही करायचं ठरवलंय. नेरळच्या सगुणाबागेत चंद्रशेखर भडसावळे यांनी भाताची जी पद्धत बसवली आहे, ती तो शिकून आलाय. तिच्यात गादीवाफे एकदा करून ठेवायचे, पुन्हा नांगरायचं नाही, चिखल करायचा नाही, राब नाही, आवणीही नाही. साच्यानं भोकं पाडून बी थेट टोकायचं आणि कापणीनंतर मुळं जमिनीतच राहू द्यायची. कमी माणसांत होतं, कमी दिवसांत होतं. ‘‘आत्या, मग मला रजा मागायला नको,’’ तो म्हणाला. मी त्याला विचारलं, आणि सावडीचं काय? तुझ्या शेतात कुणी येणार नाही म्हणजे तूही कुणाकडे जाणार नाहीस? तो गप्प बसला नाही. त्यानं हे आधीच मनात फिरवलेलं होतं. म्हणाला, माझी आवणी नसली तरी दोन दिवस काढून मी शेजारच्या काकांकडे जाणारच, त्यांना आता माणूस मिळत नाही. रविवार धरून एकच रजा लागेल. ती मी मेमध्येच लिहून देणार, तारीख मोकळी ठेवून. पाऊस सांगेल ती तारीख.

अशी मोकळ्या तारखेची रजा कुठल्या कंपनीच्या नियमात बसते का, मला माहीत नाही. बसत नसेल तर बसवता येईल का, हे मला समजून घ्यायचं आहे. या पट्ट्यातल्या हजारो मुलांना दर पावसाळ्यात तेच लागतं, आणि कागदावर एक ओळ वाढवल्यानं ट्रक अडून राहणार नाहीत. भाचा म्हणतो, मी आधी विचारून तर बघतो. वरिष्ठ नाही म्हणाले तर काय करशील, यावर त्याचं उत्तर अजून ठरलेलं नाही, आणि मीही त्याला ते ठरवायची घाई करायला सांगितलेली नाही.